कोंबड्यांची राखण

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो तेव्हा लक्ष तांबड्याकडे असते, झाकण्याकडे नसते. गावगाड्याच्या इतिहासाकडे पाहणाऱ्याला मात्र या म्हणीतला झाकण्याचा उल्लेखच अधिक मोलाचा वाटावा. कोंबडे रात्री झाकलेले असे. बुरडाने विणलेले बांबूचे डालगे आणि त्यावर वजनाला दगड, नाहीतर ओट्याखाली किंवा गोठ्याच्या कडेला केलेले खुराडे. दिवस उगवला की कोणीतरी ते उघडायचे आणि तिन्हीसांजेला कोणीतरी मोजून बंद करायचे. या दोन वेळांच्या मध्ये कोंबड्या परसात, उकिरड्यावर, गोठ्यात, बागेच्या कडेने चरत. पशुसंवर्धनाच्या भाषेत या रीतीला ‘मोकाट पद्धत’ असे नाव पडले, आणि आज बंगल्यामागच्या बागेत चार कोंबड्या संध्याकाळी तासभर सोडून स्वतः जवळ बसणाऱ्याला आपण काही नवे करतो आहोत असे वाटते. मला या दोन्ही समजुती चुकीच्या वाटतात. परसातली कोंबडी मोकाट नव्हती, ती राखणीतली होती. राखण घरकामात विरघळलेली असल्यामुळे तिचे श्रम कोणाच्या हिशेबात आले नाहीत, आणि हिशेबात आले नाहीत म्हणून ती नव्हतीच असे आपण धरून चाललो.

माणूस आणि कोंबडी यांचे नाते जमले तेच मुळी पाखराने माणसाच्या दाराशी चरायला येण्यातून. कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. तो नेमका कुठे माणसाळला याबद्दल बराच काळ वाद होता आणि सिंधू संस्कृतीतल्या हाडांकडेही बोट दाखवले जाई. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने जुन्या हाडांची पुन्हा तपासणी केली. त्यानुसार पाळीव कोंबडीचा सर्वांत जुना भरवशाचा पुरावा थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणचा, इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातला आहे. त्याचे कारणही संशोधकांनी भात आणि भरडधान्याच्या कोरडवाहू शेतीत शोधले आहे. सांडलेल्या दाण्यांमुळे रानपाखरू झाडावरून अंगणात उतरले, असा त्याचा थोडक्यात अर्थ. या कथेत आपल्या मुलुखाचाही एक वाटा आहे. अनेक कोंबड्यांचे पाय आणि कातडी पिवळी असते. तो गुण तांबड्या रानकोंबड्याकडून आलेला नसून दक्षिण भारतातल्या, सह्याद्रीच्या जंगलात आजही आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याकडून आला असावा, असे २००८ सालच्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. आणि पिवळेपणा नुसत्या रक्ताने येत नाही. हिरवा पाला, मका अशा खाण्यातून रंगद्रव्य मिळाले तरच तो पायावर आणि अंड्याच्या बलकावर उतरतो. गावरान अंडे फोडून बलकाचा रंग पाहणारी गृहिणी त्या कोंबडीच्या चरण्याचीच परीक्षा करत असते.

पण दाण्याच्या ओढीने अंगणात आलेले पाखरू तिथे टिकले ते कोणामुळे? तळकोकणातल्या किंवा मावळातल्या घरामागची नित्याची संकटे डोळ्यांपुढे आणली की उत्तर मिळते. वर घार, खाली मुंगूस आणि रानमांजर, रात्री खोकड आणि कोल्हा, आणि घरचे म्हणवणारे कुत्रे. पिल्ले आठवड्याभराची असतात तेव्हा आकाशातली एक फेरीही पुरते. त्यांची आई पंख फुगवून ओरडते ही पहिली सूचना. त्या ओरडण्याला भांडी घासता घासता, दळता दळता कोणीतरी ‘हाऽ’ करून उत्तर देणे ही दुसरी आणि खरी तटबंदी. खुडूक झालेली कोंबडी ओळखायची, तिच्याखाली अंडी मांडायची, एकवीस दिवस मोजायचे, पिल्ले फुटली की काही दिवस आईसकट डालग्याखाली ठेवून बाहेर कण्या टाकायच्या, मग घटकाभर अंगणात, मग परसात, असे त्यांच्या चरण्याचे वर्तुळ हळूहळू वाढवायचे. आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एकाच उकिरड्यावर, म्हणून पायात चिंधी बांधायची. रंगावरून, तुऱ्यावरून, उलट्या पिसांवरून, बोडक्या मानेवरून आपली कोणती हे लक्षात ठेवायचे. ‘कोंबडीचोर’ ही मराठीत शिवी झाली आहे. ज्या वस्तूवर कोणाची नजरच नाही तिच्या चोरीची शिवी होत नाही. आणि दक्षिण कोकणात गावाच्या किंवा बागेच्या राखणदाराला वर्षाकाठी जो कोंबडा द्यायचा, त्या देण्याचेच नाव ‘राखण’ आहे. सीमेवर अदृश्यपणे पहारा करणाऱ्याला मोबदला म्हणून घरात दृश्यपणे राखलेले पाखरू दिले जाते. या शब्दाचा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

राखण दुहेरी होती, हा मुद्दा सहसा निसटतो. घारीपासून कोंबडी राखायची, तशीच कोंबडीपासून बागही राखायची. कोंबडी नखांनी जमीन उकरते; ती तिची खोड नाही, जगण्याची रीत आहे. वाळवी, अळ्या, गोगलगायीची अंडी, नांगरटीत वर आलेली हुमणी, गोठ्यातली गोचीड हे सारे ती टिपते, पण त्याच उकरण्यात मेथीचा नुकता उगवलेला वाफा सकाळच्या प्रहरात सपाट होतो. जुन्या परसाची मांडणी पाहिली तर तिच्यात या भांडणाचा तोडगा दिसतो, असे मी म्हणेन. मोरीच्या पाण्यावर केळ आणि खाजरे अळू. दोडका, कारले, पडवळ, दुधी मांडवावर चढलेले. शेवगा उंच. जमिनीलगत राहणाऱ्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यावर बोरीच्या नाहीतर बाभळीच्या फांद्या पसरलेल्या. वेल मांडवावर चढवण्याची कारणे इतरही आहेत, फळ सरळ वाढते, कुजत नाही; पण ज्या परसात कोंबड्या चरतात तिथे चोचीच्या उंचीच्या वर भाजी धरणे हा शहाणपणाचा भाग असणारच. आंब्या-काजूखाली, पोफळीच्या बागेत त्या खुशाल फिरत, कारण मुळे घट्ट झालेल्या झाडाला त्यांच्या नखांचे भय नाही आणि त्यांच्या शिटीचा उपयोग आहे. पीक निघालेला वाफा नव्या पेरणीआधी त्यांच्या हवाली करता येतो. पेरणी झाली की पोराला काठी देऊन बसवायचे. उन्हाळ्यात कुरडया, सांडगे, धान्य अंगणात पडले की वाळवणाच्या राखणीला पुन्हा घरातली म्हातारी आणि पोरेच. बागेत कोंबड्या केव्हा आणि किती वेळ सोडायच्या, याचे असे एक पंचांगच होते. ते कोणी लिहून ठेवले नाही इतकेच.

कायद्यातही याची एक उलटी खूण सापडते. इंग्रज सरकारने १८७१ साली जनावरांच्या घुसखोरीचा कायदा केला. आपल्या गावोगावच्या कोंडवाड्यांचा कारभार त्याच्या आधाराने चाले. दुसऱ्याच्या शेतात घुसलेले जनावर धरून कोंडायचे आणि दंड भरून सोडवायचे. या कायद्यात ‘जनावर’ म्हणजे काय याची यादी आहे. तिच्यात हत्ती आहे, उंट आहे, म्हैस, घोडा, खेचर, गाढव, डुक्कर, मेंढी, शेळी आणि तिचे करडूही आहे. कोंबडी नाही. शेजारणीच्या वाफ्यात घुसलेल्या कोंबडीला सरकारी कोंडवाडा नव्हता, दंडाचा दर नव्हता. याचा अर्थ तिच्यामुळे भांडणे होत नव्हती असा नाही. ती पुष्कळ होत. पण ती मिटवण्याचे, मुळात होऊ न देण्याचे काम कायद्याने घराकडेच ठेवले, म्हणजे व्यवहारात बाईकडे. बैलामागे गुराखी असे, गावकीकडून त्याला धान्य मिळे आणि त्याचे नाव सर्वांना ठाऊक असे. कोंबड्यांच्या गुराख्याला नाव मिळाले नाही.

कोंबडी कुठे चरते हा प्रश्न आपल्याकडे नुसता शेतीचाही नव्हता. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात द्विजांनी काय खाऊ नये याची जी यादी आहे, तिच्यात लसूण, कांदा, अळंबी आणि गावडुकराच्या सोबतीला ‘ग्रामकुक्कुट’ बसवला आहे. निषेध गावच्या कोंबड्याला आहे, रानकोंबड्याला नाही. पाखरू तेच, एक रानात चरते, दुसरे उकिरड्यावर. माझ्या मते या भेदाचे मूळ चरण्याच्या जागेतच आहे. पुढे त्या जागेचा विटाळ पाळणाऱ्या माणसांना चिकटला. ज्या घरांमागे तुळस आणि पारिजातक होते तिथे कोंबडीला थारा नव्हता. ज्यांना जमीन नाकारली होती त्यांच्याकडे मात्र ती होती, कारण तिला स्वतःच्या मालकीचे रान लागत नाही. उकिरडा, वाटेची कड आणि सांडलेले दाणे पुरतात. कुणबी, कोळी, ठाकूर, कातकरी, भिल्ल, महार, मुसलमान, ख्रिस्ती अशा अनेकांच्या घरी ती अडीअडचणीची ठेव होती. पाहुणा आला, बाळंतीण घरात आहे, नवस फेडायचा आहे, बाजारातून मीठमिरची आणायची आहे, तर शेळी विकावी लागत नसे. अंड्यांचे पैसे बाईच्या पदराच्या गाठीला राहत. लुगड्याच्या त्या गाठीची किंमत बाजारभावाने लावता येणार नाही. नवऱ्याला न विचारता खर्चता येणारे ते घरातले बहुधा एकमेव नाणे होते.

यावर पहिला आक्षेप असा येईल की हे फार ताणलेले आहे. कोंबड्यांमागे दिवसभर कोणी बसत नव्हते, सकाळी सोडल्या की त्या आपल्या आपण फिरून संध्याकाळी परत येत, मग त्याला राखण कशी म्हणायची? परत येतात हे खरे आहे. अंधारात कोंबडीला नीट दिसत नाही, म्हणून ती उजेड असतानाच ओळखीच्या जागी शिरते. पण ती जागा ओळखीची करून देणे हेच राखणीचे पहिले काम. नवी आणलेली तलंग दोन-चार दिवस डालग्याखाली ठेवल्याशिवाय सोडत नाहीत ते याचसाठी. शिवाय कोंबडी दिवसभर सारख्याच भुकेने चरत नाही. सकाळी सुटल्यासुटल्या आणि सूर्य कलल्यावर ती जोराने चरते, भर दुपारी सावलीला धूळ उडवत बसते. नजर ठेवावी लागते ती मुख्यतः या दोन वेळांना, आणि याच वेळा अंगणातल्या कामांच्या असतात: झाडलोट, शेण, पाणी, निवडणे, पाखडणे. काम आणि राखण एकाच हाताने होई. एकाच वेळी दोन कामे करणाऱ्या बाईचे दुसरे काम दिसत नाही, हा काही कोंबड्यांपुरता प्रश्न नाही.

राखणीची गरज संपवण्याची वाट दुसऱ्या खंडातून आली. यंत्रांआधी तिथे एक शोध लागावा लागला. युरोप-अमेरिकेत हिवाळ्यात घरात कोंडलेली पिल्ले पायांनी अधू होत, म्हणून त्यांना उन्हात नेण्यावाचून गत्यंतर नसे. १९२० नंतरच्या दशकात ड जीवनसत्त्वाचे कार्य कळले. कॉड माशाच्या यकृताचे तेल खाद्यात घातले की ऊन न दाखवताही पिल्ले धडधाकट वाढतात हे दिसून आले, आणि बाराही महिने छपराखाली कोंबड्या वाढवणे शक्य झाले. बागेत सोडण्याची अट त्या दिवशी सुटली. दुसरी अडचण रोगाची होती. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला १९२६ साली जो रोग नोंदवला गेला तोच जवळजवळ त्याच सुमारास कुमाऊँतल्या राणीखेतला सापडला. आपण त्याला राणीखेत किंवा मानमोडी म्हणतो. एका छपराखाली हजारो पाखरे असतील तर ही मानमोडी चार दिवसांत छप्पर रिकामे करते. मुक्तेश्वरच्या पशुवैद्यकीय संशोधन संस्थेत त्याची लस तयार झाली आणि गर्दी पेलण्याची ताकद आली. मग १९५०-६० च्या सुमारास पांढऱ्या लेगहॉर्नसारख्या विदेशी जाती आणि पुढे संकरित वाण आले. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीजची स्थापना केली. पुढे पुणे हे या धंद्याचे मोठे केंद्र झाले. १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली आणि अंड्याचा भाव व्यापाऱ्याऐवजी उत्पादकांनी सांगण्याची रीत सुरू झाली. हे यश लहान नाही. पण या साखळीत कोंबडीचे खुडूक होणे हा दोष ठरला, उकरणे निरुपयोगी ठरले आणि राखणाऱ्या बाईच्या जागी दिवा, पंखा आणि खाद्याचे मोजमाप आले. अंड्यांसाठीच्या पिंजऱ्यात एका कोंबडीच्या वाट्याला जी जागा येते ती वहीच्या उघड्या पानापेक्षा कमी असते. युरोपीय संघाने असे साधे पिंजरे २०१२ पासून बंद केले. आपल्याकडे विधी आयोगाने २०१७ सालच्या २६९व्या अहवालात या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते, पोल्ट्रीतली तीनशेच्या घरात. गरिबाच्या मुलाला परवडणारे अंडे पिंजऱ्याने दिले, परसाने नव्हे. हे मी मान्य करतो, आणि परसातली कोंबडी देशाची अंड्यांची भूक भागवेल असा माझा दावा नाही. पण तुलना करताना दोन्ही बाजूंचा खर्च मांडला पाहिजे. पोल्ट्रीतली कोंबडी जे खाते त्यात मका आणि सोयापेंड असते. ते शेतात पिकवावे लागते, विकत आणावे लागते. परसातली कोंबडी उरलेले, सांडलेले आणि जमिनीतले खाते, आणि त्याबरोबर किडीचा बंदोबस्त आणि खत देते. तिची साठ अंडी जवळजवळ बिनखर्चाची म्हणतात ती याच अर्थाने. तरीही ‘बिनखर्चाची’ हा शब्द मला खटकतो, कारण त्यात राखणीचे तास शून्य धरलेले आहेत. म्हणजे पिंजऱ्याचा कैवारी परसाला मोकाट म्हणून कमी लेखतो, आणि परसाचा कैवारी त्याला फुकट म्हणून गौरवतो. चूक दोघांची एकच आहे.

तिसरा आक्षेप रोगाचा. १८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरमध्ये बर्ड फ्लू असल्याचे जाहीर झाले. भारतातली ती पहिलीच नोंद. साथ दिसली ती तिथल्या मोठ्या पोल्ट्र्यांत, पण आजूबाजूच्या परिघातली सगळी पाखरे मारायची असल्यामुळे आदिवासी पाड्यांवरची डालगीही रिकामी झाली. नवापूरचा हा पट्टा ‘बुसरा’ या गुजरात-महाराष्ट्राच्या सीमेवरच्या देशी जातीचाही मुलूख आहे, हे त्या धामधुमीत फारसे कोणाला आठवले नसावे. पुढे २००८ साली पश्चिम बंगालमधली साथ मात्र मुख्यतः परसातल्या पाखरांत पसरली, आणि मोकळ्या चरण्याविरुद्ध तो सबळ पुरावा मानला जातो. तो आहेच. रानपाखरे, बदके आणि कोंबड्या एका डबक्यावर येत असतील तर धोका खरा आहे. पण नीट पाहिले तर हा पुरावा नजरेवाचून चरण्याविरुद्ध आहे. कुंपणातली बाग, ठरावीक वेळ, झाकलेले पाणी, पेंगणारे पाखरू त्याच दिवशी वेगळे काढणारा माणूस आणि वेळेवर लस, एवढे असेल तर धोका शून्य होत नाही, पण हाताबाहेरही जात नाही. पेंगणारी कोंबडी पहिल्या दिवशी ओळखणे हे तर जुन्या राखणीचे मुख्य कसब.

राखण जशी होती तशी परत यावी असे मला वाटत नाही. ती मुलींच्या शाळेच्या वेळेतून काढलेली होती, म्हाताऱ्या बायकांच्या विश्रांतीतून काढलेली होती. गावातली मुले शाळेत गेली, माणसे कामाला बाहेर पडली, अंगणे सिमेंटची झाली आणि परसात दिवसा कोणी उरले नाही, तेव्हा कोंबड्या कमी व्हायला हव्या होत्या. झाले उलटे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात एकूण ८५ कोटी १८ लाख कोंबड्यादी पक्षी मोजले गेले. त्यांतले ३१ कोटी ७० लाख परसातले होते, आणि आधीच्या गणनेपेक्षा ही संख्या सुमारे ४६ टक्क्यांनी वाढली होती. पोल्ट्र्यांतली वाढ पाच टक्क्यांच्याही आत राहिली. वनराजा, गिरिराजासारखे परसासाठी तयार केलेले वाण, सरकारी योजना आणि गावरान अंड्याला मिळणारा चढा भाव ही त्याची कारणे सांगितली जातात. योजनेच्या कागदावर पिल्लांची संख्या असते, खुराड्याचे माप असते, खाद्याचे किलो असतात. संध्याकाळी पाच ते सात या वेळात बागेच्या तोंडाशी सूप घेऊन बसलेली, एक डोळा तांदळावर आणि एक डोळा आकाशात ठेवणारी बाई त्या कागदावर कुठल्या रकान्यात येते? उजेड कमी झाला की ती उठते, मूठभर कण्या टाकते, आलेल्या मोजते, न आलेल्या एकीसाठी अळूच्या पानांमागे वाकून पाहते, आणि ती सापडल्यावरच डालग्यावर दगड ठेवते.